सुखी कुटुंब, हवेशीर घर

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तपासणी माझ्या मुलीची होती, माझी नव्हती. शाळेने मागितली ती तिची, केंद्रात नाव नोंदवलं ते तिचं आणि त्या लहानशा पिवळ्या खुर्चीत बसवलं तेही तिलाच. असं असताना आज जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस मला थांबवून विचारतो, "काय मग, तुमचं काय निघालं?" तुमचं म्हणजे माझं. माझ्यासारख्या सरळमार्गी, वेळेवर वीजबिल भरणाऱ्या माणसाचं काय निघायचंय? पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. म्हणून सगळा प्रकार घडला तसा सांगून टाकतो. मध्ये कुणी बोलू नये, एवढीच विनंती.

वर्गशिक्षिकेने आम्हा नवराबायकोला शाळा सुटल्यावर बोलावलं होतं, बिट्टीसकट. बसायला मुलांचे बाक दिले. गुडघे हनुवटीला टेकलेले असताना माणसाने आपल्या मुलीबद्दल काय काय ऐकून घ्यावं, यालाही काही मर्यादा असते. बाई म्हणाल्या, "बिट्टी वर्गात एक अक्षर बोलत नाही. प्रश्न विचारला की उभी राहते, माझ्याकडे बघते आणि खाली बसते. लेखी सगळं चोख. तोंडीला शून्य."

बिट्टी आमची एकुलती एक, चौथीत आहे. हुशार आहे. "लाजाळू आहे हो ती," मी म्हणालो.

"बिट्टी, लाज वाटते का गं तुला?" बाईंनी तिला विचारलं.

"वाटते," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, पाचवीपासून तोंडी परीक्षा पास होणं सक्तीचं आहे, आणि बिट्टी अशीच राहिली तर पुढच्या वर्षी शाळा तिला ठेवून घेऊ शकणार नाही. मुलांच्या मानसिक तपासणीचं एक केंद्र आहे, तिथून असेसमेंट करून घ्या, अहवाल आणा, मग बघू. म्हणजे माझ्या मुलीची शाळा सुटणार. जी शाळा तिला जीव की प्राण आहे, जिथे तिच्या इतक्या मैत्रिणी आहेत, ती शाळा. मी तिथल्या तिथे बाईंना आमचं घर कसं बोलकं आहे, माझे वडील कसे गप्पिष्ट होते, माझ्या बहिणीपुढे टेलिफोनवाले कसे हात टेकतात, हे सगळं सविस्तर समजावून दिलं. माझं सांगून झालं तेव्हा शिपाई कुलूप घेऊन दारात उभा होता आणि बाईंनी पर्स खांद्याला लावली होती.

बातमी आमच्या आधी घरी पोचली. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. ते शाळेतून निवृत्त झालेत, इमारतीतून नाही. त्यांनी मला पायरीवरच अडवलं. "परीक्षा म्हटली की तयारी आलीच," ते म्हणाले. "मानसिक असली म्हणून काय झालं? काय विचारतात ते काढून घ्या, पाठ करून घ्या. दणकून पास होईल पोरगी." मला हे एकदम पटलं. मी परीक्षा मंडळाच्या कचेरीत फेरतपासणी विभागात आहे. गुण कमी पडलेल्यांचे अर्ज आमच्याकडे येतात, आम्ही पुन्हा बेरीज करतो आणि बहुतेक वेळा त्यांचे तेवढेच गुण त्यांना परत पाठवतो. तेव्हा तयारी न करता परीक्षेला बसणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको.

वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे तर आतली माहिती होती. त्यांच्या भाच्याला असल्याच ठिकाणी नेलं होतं. "झाड काढायला सांगतात," काकू आवाज खाली आणून म्हणाल्या. "याने मेल्याने बिनपानांचं काढलं. आळशी आहे, दुसरं काही नाही. पण त्यावरून त्याला वर्षभर हेलपाटे घालायला लावले. तुम्ही आपली पानं काढून घ्या. भरपूर. फळं आली तर उत्तमच."

"आणि घर काढायला सांगितलं तर?"

"दार उघडं, खिडक्या उघड्या. माणसं हसरी, हातात हात."

झालं. आमच्या जेवणाच्या टेबलावर सराव सुरू झाला. कचेरीतून आलो, हातपाय धुतले की मी पेन्सिली टोकदार करून द्यायचो. बिट्टी झाडं काढायची, मी पानं तपासायचो. एखादी खिडकी बंद राहिली की घर रद्द, नवीन घर. चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावतात असंही हेडमास्तरांनी कुठूनसं काढून आणलं, तेव्हा मी वर्तमानपत्रातली चित्रं कापली आणि कुठल्याही चित्राला चालेल असं एक उत्तर स्वतः तयार केलं: 'हे एक सुखी कुटुंब आहे. त्यांचं घर हवेशीर आहे. सगळे एकमेकांवर प्रेम करतात.' यात चूक काढून दाखवा. आमच्या मंडळाचा कुठलाही परीक्षक या उत्तराला पैकीच्या पैकी देईल. बिट्टी एकदा ऐकून मान डोलवायची, कारण पोरगी मुळातच समजूतदार आहे.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे बघत असायची. एकदा म्हणाली, "अहो, तिला विचारा तरी की तिला..."

"मजा येतेय तिला," मी म्हणालो आणि पुढचं कात्रण काढलं.

केंद्र एका औषधाच्या दुकानाच्या वर होतं. जिना चढून गेल्यावर स्वागताच्या टेबलाशी बसलेल्या मुलीने सांगितलं की पहिल्या भेटीला मूल आणायचं नसतं. "तपासणी कुणाची आहे?" मी विचारलं. म्हणाली, मुलीची. "मग आम्ही आत जाऊन काय करायचं?" म्हणाली, पद्धत आहे. बिट्टीला काकूंकडे सोडून परत यावं लागलं, आणि त्यात माझी अर्धी रजा गेली ती गेलीच.

मानसतज्ज्ञ बाई वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या. आवाज हळू, वागणं गोड, पण एक फार वाईट खोड होती. प्रश्न विचारून गप्प बसायच्या. समोरच्याचं बोलून संपलं तरी आणखी थोडा वेळ गप्पच. असं कुणी समोर बसलं की भल्या माणसाला काहीतरी बोलणं भाग पडतं. त्यांनी विचारलं, "तुम्हाला बिट्टीबद्दल काय जाणून घ्यायचंय?"

"काही नाही," मी म्हणालो. "मला सगळं माहीत आहे. शाळेला माहीत नाही. तुम्ही फक्त शाळेला कळवा."

"तसं नाही करता येणार. आमच्याकडे प्रश्न आईवडिलांचे असतात आणि उत्तरं आपण सगळे मिळून शोधतो. तपासणी त्यासाठीच. तुम्हाला प्रश्नच नसेल तर मी शोधू काय?"

मिळून शोधतो म्हणे. दाढ दुखली म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेलो तर तो काय 'चला, मिळून शोधू या' म्हणतो का? हे मी त्यांना विचारलं. त्या हसल्या आणि गप्प बसल्या. मग मी नाइलाजाने प्रश्न काढले. अहवाल किती पानांचा असतो, त्यावर शिक्का असतो का, हरकत असल्यास दाद कुठे मागायची. बाई म्हणाल्या, "हे प्रश्न आमच्या केंद्राबद्दल झाले. बिट्टीबद्दल?"

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. बायको म्हणाली, "मला एक विचारायचंय. बिट्टी घरी तरी बोलते का?"

मी खुर्चीतल्या खुर्चीत वळलो. हिचं डोकं ठिकाणावर आहे का, असं मला वाटलं. "न बोलायला काय झालं? अखंड चालू असतं तिचं."

"शेवटचं काय बोलली?"

"हेच की, सरावाचा कंटाळा येत नाही म्हणून."

"ते तुम्ही म्हणालात."

"बरं, मग त्या दुकानात निळा फ्रॉक नको, हिरवाच हवा, असा हट्ट कुणी धरला होता?"

"तुम्ही," बायको म्हणाली.

मी आठवायला लागलो. बिट्टी डोळ्यांसमोर अगदी स्पष्ट उभी होती, दोन वेण्या, सैल झालेल्या मोज्यांसकट, पण तिचा आवाज काही केल्या येईना. अर्थात हे ऐन वेळी कुणाचंही होतं. आमच्या कचेरीत साहेबांनी अचानक विचारलं तर मला स्वतःचा टेबल नंबरही सांगता येत नाही. पण बाईंनी हा चांगला प्रश्न आहे असं म्हणून बायकोचा प्रश्न स्वीकारला आणि माझे सगळे नामंजूर झाले. घरी येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. निदान कोपऱ्यापर्यंत तरी.

तपासणीच्या दिवशी बिट्टी आत आणि आम्ही शेजारच्या खोलीत, टीव्हीसमोर. आतलं सगळं आईवडिलांनी बघायचं, हीसुद्धा पद्धत. बाईंनी झाड काढायला सांगितलं तेव्हा मी बायकोला कोपराने ढोसलं. बिट्टीने असं झाड काढलं म्हणता, की बघत राहावं. पानापानाला शीर. पानंच इतकी झाली की बुंध्याला जागा उरली नाही. मग घर काढलं, सगळ्या खिडक्या सताड उघड्या. बाईंनी विचारलं, "कोण राहतं इथे?"

बिट्टी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. बाई आपल्या गप्प. मी इकडे खुर्चीच्या टोकावर. शेवटी ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "सुखी कुटुंब."

"बोलली," मी बायकोला म्हणालो. परक्या माणसाशी बोलली. याला म्हणतात तयारी. मग बाईंनी एकेक चित्र पुढे ठेवलं. तुटकं खेळणं घेऊन खाली मान घालून बसलेला मुलगा: सुखी कुटुंब. दाराशी तोंड झाकून उभी असलेली बाई: सुखी कुटुंब, हवेशीर घर. रिकाम्या रस्त्यावरून चाललेला एक म्हातारा: सगळे एकमेकांवर प्रेम करतात. "हा तर एकटाच आहे ना गं?" बाईंनी विचारलं. बिट्टीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने मान वर करून कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, म्हणजे थेट माझ्याकडे. मी इकडून खूण करून 'छान' म्हणालो. बायको रुमाल शोधत होती. आनंदाने असेल असं मला त्या वेळी वाटलं.

बाई आमच्या खोलीत आल्या. "उत्तरं कुणाची?"

"तिचीच. पाठ केली म्हणून काय परकी होतात?"

"फार छान पाठ केलीत," बाई म्हणाल्या. मी आभार मानले. त्या पुढे म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुम्ही तिघं मिळून एक चित्र काढायचं. मी बघेन. काय काढायचं ते बिट्टी सांगेल, तुम्ही दोघांनी तिला मदत करायची."

म्हणजे बघा. तपासणी मुलीची, आणि कागदापुढे बसवलं मला. तरीही मी गेलो. बाह्या सरसावून बसलो. मोठा पांढरा कागद, खडू, आम्ही तिघं. ते चित्र चांगलं झालं, हे मी आजही कुणाच्याही समोर सांगेन. नदी होती, पूल होता, लांबवर डोंगर आणि पुलाला कठडासुद्धा होता. बिट्टीला पूल काढायचा होता हे मी तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं होतं.

आणि मग बाईंनी त्याचं रेकॉर्डिंग आम्हा नवराबायकोला दाखवलं.

स्वतःला पडद्यावर बघणं ही शिक्षा कुठल्या गुन्ह्याला देतात मला माहीत नाही. पडद्यावर एक टकला माणूस कागदावर पालथा पडून बोलत होता. टक्कल एवढं आहे हे मला घरच्या आरशाने कधी कळू दिलं नव्हतं. पण ते सोडा. तो माणूस थांबतच नव्हता. "बिट्टीला नदी हवीय. निळा घे. तो नाही, गडद. आता पूल काढू या, हो ना, हो म्हणतेय ती." बाईंनी पडदा थांबवला. बिट्टीचं तोंड उघडं होतं. "इथे काय झालं?" त्यांनी विचारलं.

"मी मदत केली."

बाईंनी थोडं पुढे नेलं आणि पुन्हा थांबवलं. पुन्हा बिट्टीचं तोंड उघडं, हातात लाल खडू. पुढे सोडलं, तर माझा आवाज आला आणि तिचं तोंड मिटलं. "आणि इथे?"

"इथेही मदतच. लाल खडूने नदी काढतात का?"

"ती नदी काढत होती का?"

हे मला कसं माहीत असणार? ती काही बोललीच नव्हती. मी बाईंना स्पष्ट सांगितलं की रेकॉर्डिंग मधूनमधून कापलेलं दिसतं, मला फेरतपासणी हवी. तो माझा हक्क आहे. बाई म्हणाल्या, जरूर, आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. फेरतपासणीतही तेवढेच गुण निघाले. मी इतकी वर्षं लोकांना हेच कळवत आलो, पण ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं, ते मला आत्ता कळलं. बायको काही बोलली असती तर निदान भांडता आलं असतं.

बाईंनी घरचा अभ्यास दिला. जेवताना बिट्टीला एक प्रश्न विचारायचा आणि मग ती बोलेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं. "नाही बोलली तर?" मी विचारलं. "तर नाही बोलली," बाई म्हणाल्या. इतका ढिला अभ्यासक्रम मी आयुष्यात पाहिला नव्हता. तरीही त्याच संध्याकाळी ताटं वाढल्यावर मी विचारलं, "बिट्टी, आज डबा खायला कुणाशेजारी बसलीस?" आणि गप्प बसलो.

गप्प बसणं ज्यांना सोपं वाटतं त्यांनी एकदा आमच्याकडे जेवायला यावं. पंख्याचा आवाज येत होता, शेजारच्या नळाचा येत होता. माझ्या तोंडात उत्तरं भरून राहिली होती. मैत्रिणींची नावं तर अगदी जिभेवर. मी त्यांच्यावर एक मोठा घास कोंबला आणि चावत बसलो. बिट्टी ताटाकडे बघत होती. नेमके त्याच वेळी हेडमास्तर दार ढकलून आत आले, असेसमेंटचा निकाल विचारायला; माझा प्रश्न त्यांनी जिन्यातच ऐकला असणार. आम्हाला असं पुतळ्यांसारखं बसलेलं बघून त्यांना राहवेना. "काय चाललंय? कुणाशेजारी बसलीस विचारताहेत? अगं, मैत्रिणीशेजारी बसलीस ना? बसली असेल. बघा, हो म्हणतेय."

माझं डोकंच फिरलं. "हेडमास्तर," मी म्हणालो, "प्रश्न तिला विचारलाय. तुम्हाला मध्ये पडायला कुणी सांगितलं? तिला तिचं तोंड आहे. आणि हो म्हणतेय म्हणे. तिने ओठ तरी हलवला का? दुसऱ्याच्या तोंडातला शब्द काढून घ्यायचा, ही कुठली रीत?"

हेडमास्तर जसे आले तसे उलट पावली गेले, आणि माझ्याबद्दल जिन्यात जे काही बोललं जातं त्याची सुरुवात तिथूनच झाली आहे. पण मला त्या क्षणी खरोखरच संताप आला होता. एखाद्या माणसाला कळू नये की लहान मुलीच्या वतीने आपण बोलू नये? बायको माझ्याकडे बघत होती. तिने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. एवढं हसण्यासारखं मी काय बोललो, हे तिने अजून सांगितलेलं नाही.

"एकटीच बसले," बिट्टी म्हणाली.

मी घास गिळला.

"रोज एकटीच बसते. खिडकीपाशी." मग थोड्या वेळाने, "तिथे कुणी काही विचारत नाही."

मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. इतक्या मैत्रिणींची नावं मला माहीत होती, मी ती सगळ्यांना सांगत फिरत होतो, आणि माझी मुलगी रोज एकटी बसून डबा खात होती. उद्याच्या उद्या शाळेत जातो, वर्गशिक्षिकेला जाब विचारतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तर बायकोने माझ्या मनगटावर हात ठेवला. तो हात तिने जेवण होईपर्यंत काढला नाही. डाव्या हाताने जेवताना माझी काय अवस्था झाली ते जाऊ दे.

शेवटच्या भेटीत बाईंनी निकाल दिला. तो मुलीला द्यायचा असतो आणि तोही गोष्ट सांगून, असं तिथे कळलं. आम्ही तिघं ओळीने बसलो. गोष्ट अशी होती: एका झाडावर एक कोंबडा आणि त्याचं पिल्लू राहत होतं. कोंबडा फार प्रेमळ. आपण ओरडलो नाही तर सूर्य उगवणार नाही अशी त्याला धास्ती, म्हणून तो दिवसभर ओरडायचा, पिल्लाच्या वाटचंही ओरडायचा. पिल्लाचा आवाज आत आत जाऊन बसला. मग एक दिवस पिल्लू पलीकडच्या झाडावर गेलं आणि तिथे हळूहळू बोलायला शिकलं.

मला कोंबडा केलं होतं. समोर बसवून, माझ्या बायकोच्या देखत. चिमणा नाही, पोपट नाही, कोंबडा. मी उठायच्या बेतात होतो, इतक्यात बाईंनी बिट्टीला विचारलं, "गोष्ट तुझी आहे. यात काही बदलायचंय का तुला?" आणि त्यांच्या त्या खोडीप्रमाणे गप्प बसल्या. मीही गप्प बसलो. एव्हाना मला थोडा सराव झाला होता.

"पिल्लू दुसऱ्या झाडावर नाही जात," बिट्टी म्हणाली. "ते कोंबड्याला सांगतं की सूर्य आपोआप येतो. त्याला माहीतच नसतं ना. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं."

बाईंनी ते लिहून घेतलं. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत बसलो, कारण दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

अहवाल मिळाला. त्यात बिट्टीची बुद्धी उत्तम, समज वयापेक्षा जास्त, असं सगळं होतं आणि शेवटी शाळेला एकच सूचना होती: प्रश्न विचारल्यावर या मुलीसाठी थांबा. एवढंच. तो घेऊन आम्ही तिघं मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेलो. वर्गशिक्षिकाही होत्या. मुख्याध्यापिकेने तो वाचला, उलटून मागची कोरी बाजूही बघितली. "तोंडी परीक्षेत प्रत्येक मुलाला ठरलेला वेळ असतो," त्या म्हणाल्या. "वाट बघण्याची तरतूद नाही."

तरतूद नाही. माझ्या मुलीला शाळेतून काढणार, कारण वाट बघण्याची तरतूद नाही. मी मंडळात काम करतो, तरतुदी कशा होतात ते मला माहीत आहे. कुणीतरी एक ओळ लिहितो आणि दुसरा सही करतो. ते मी त्यांना सांगितलं. मुलांना बोलायला शिकवायचं सोडून बोलण्याची घाई शिकवता, हेही सांगितलं. माझा आवाज चढला होता, पण आयुष्यात एकदा तरी योग्य ठिकाणी चढला होता. मुख्याध्यापिका शांतपणे ऐकून घेत होत्या. मग माझ्याकडून नजर काढून त्यांनी बिट्टीकडे वळवली. "तुला राहायचंय का गं या शाळेत?"

"राहायचंय ना, बिट्टी?" वर्गशिक्षिका म्हणाल्या.

"बाई, तिला बोलू द्या," मी म्हणालो.

सगळे थांबले. मी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले. मुख्याध्यापिकेने एकदा घड्याळाकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांनी घड्याळाकडे बघणं सोडलं. बाहेर मधली सुट्टी झाली, मुलं ओरडत पायऱ्या उतरून गेली, कॉरिडॉर पुन्हा रिकामा झाला. माझ्या मुलीची शाळा एका शब्दावर टांगलेली होती आणि तो शब्द मला येत होता. आयुष्यात इतकं जड काम मी केलेलं नाही.

"राहायचंय," बिट्टी म्हणाली. मग मुख्याध्यापिकेकडे बघून, "का राहायचंय ते पण सांगते. मला वर्गात काय होतं ते पण सांगते." आणि मग माझ्याकडे वळली. "पण बाबा, तू बाहेर बस."

मी बायकोकडे पाहिलं.

"आई बसली तर चालेल," बिट्टी म्हणाली.

मी बाहेर आलो. इतकं भांडलो कुणासाठी, तरतुदी काढल्या कुणासाठी, आणि ऐन वेळी बाहेर कुणाला काढलं, तर मला. शिपायाने बाक दाखवला. म्हणाला, "काय साहेब, काय झालं?" मी त्याला काही सांगितलं नाही. दार बंद होतं. आतून बिट्टीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज, पहिल्यांदा अडखळत आणि मग सलग. हाच तो आवाज, जो मला त्या दिवशी केंद्रात आठवता आला नव्हता. बराचसा माझ्या बायकोसारखा आहे. दाराला कान लावला असता तर सगळं ऐकू आलं असतं, आणि शिपाईही तेव्हा पाणी भरायला गेला होता. मी उठून बाकाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसलो.

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं. बायकोने डोकं बाहेर काढलं. तिचे डोळे लाल झाले होते.

"अजून संपलं नाही तिचं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही बसा."

"बसलोय," मी म्हणालो.